पॉवरपॉइंटची पहिली ओळख: पडद्यावर काय कुठे असतं आणि काम कुठे अडतं

पॉवरपॉइंट पहिल्यांदा उघडलं की वरच्या पट्टीतली बटणांची गर्दी बघूनच दडपण येतं. त्यातली बरीचशी बटणं रोजच्या कामात लागतच नाहीत, तेव्हा ती पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. सवय एकच लावून घ्यायची: काहीही दाबण्याआधी पडद्यावर आत्ता काय निवडलेलं आहे ते बघायचं. बटण फिकट का झालंय, अक्षरांचा आकार का बदलत नाही, डिलीट दाबल्यावर अख्खी स्लाईड कशी गेली, या प्रश्नांचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पुढचं वर्णन विंडोजवरच्या अलीकडच्या पॉवरपॉइंटचं आहे. २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत एखाददुसरं बटण इकडचं तिकडे गेलं असेल, पण मांडणी तीच आहे. जुन्या पुस्तकात किंवा व्हिडिओत ‘फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स’ अशा खाली उघडणाऱ्या याद्या दिसल्या तर ती माहिती २००७ च्या आधीच्या आवृत्तीची आहे असं समजा. २००७ च्या आवृत्तीत याद्या जाऊन बटणांची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली आणि फाईलचा प्रकारही पीपीटीचा पीपीटीएक्स झाला. त्या जुन्या सूचना घेऊन आजच्या पडद्यावर बटणं शोधत बसलात तर वेळ फुकट जाईल.

## सुरुवात: कोरी फाईल, आणि लगेच सेव्ह

सुरुवातीच्या पडद्यावर सजवलेल्या टेम्प्लेटची रांग दिसते. शिकताना ‘ब्लँक प्रेझेंटेशन’च घ्या. टेम्प्लेटमध्ये मुळातच इतकं काही भरलेलं असतं की आपण टाकलेलं कोणतं आणि आधीचं कोणतं, याचा पत्ता लागत नाही.

कोरी स्लाईड समोर आली की एक अक्षरही टाइप करण्याआधी एफ१२ दाबा. ‘सेव्ह ॲज’ची पूर्ण खिडकी उघडेल. फोल्डर निवडा, नाव द्या, सेव्ह करा. कंट्रोल + एसनेही सेव्ह होतं, पण नव्या आवृत्त्यांत पहिल्या वेळी एक छोटी खिडकी येते आणि ती बहुधा वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणुकीचं, फोल्डर सुचवते. मग फाईल ‘हरवते’, म्हणजे असते वनड्राइव्हवर आणि आपण शोधत असतो डेस्कटॉपवर.

डाव्या वरच्या कोपऱ्यात ‘ऑटोसेव्ह’चं बटण दिसतं. ते फक्त वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर (कार्यालयांसाठीची तशीच सोय) ठेवलेल्या फाईलसाठी चालतं. फाईल तुमच्या कॉम्प्युटरवरच असेल तर ते बंद राहतं, आणि कंट्रोल + एस दाबत राहणं ही तुमची जबाबदारी. वीज गेली किंवा प्रोग्राम अडकून बंद पडला तर कामी येणारी ‘ऑटोरिकव्हर’ची सोय वेगळी असते. ती मुळात दर १० मिनिटांनी नोंद घेते, म्हणजे शेवटच्या ९ मिनिटांचं काम जाऊ शकतं. ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे जाऊन १० च्या जागी ३ लिहा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका, ती म्हणजे स्लाईडचा आकार. २०१३ पासून नवी फाईल १६:९ या रुंद आकारात उघडते, म्हणजे १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच. जुन्या प्रोजेक्टरचा पडदा ४:३ असू शकतो, तिथे रुंद स्लाईडच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. आकार ‘डिझाईन’ टॅबमधल्या ‘स्लाईड साईझ’मधून बदलतो. वीस स्लाईड तयार झाल्यावर हा बदल केलात तर पॉवरपॉइंट विचारतं: ‘मॅक्सिमाइझ’ की ‘एन्शुअर फिट’? पहिल्यात मजकूर कडेबाहेर जाण्याची भीती, दुसऱ्यात सगळं बारीक होतं. दोन्ही बाबतींत प्रत्येक स्लाईड हाताने नीट करावी लागते.

## पडद्याचे भाग

मधोमध मोठी दिसते ती चालू स्लाईड. डावीकडे सगळ्या स्लाईडची लहान चित्रं, ज्यांना थंबनेल म्हणतात. खाली नोट्सची जागा, वर रिबन, आणि अगदी तळाशी बारीक स्टेटस बार.

डाव्या पट्टीतल्या थंबनेलवर क्लिक केलं की तिच्याभोवती जाड रंगीत कड येते. याचा अर्थ आता की-बोर्डचा ताबा त्या पट्टीकडे गेला. आता एंटर दाबलं तर नवी स्लाईड तयार होईल, डिलीट दाबलं तर अख्खी स्लाईड जाईल. नवशिक्यांची स्लाईड ‘आपोआप’ उडते ती इथेच: मजकूर पुसायचा असतो स्लाईडमधला, पण शेवटचं क्लिक झालेलं असतं थंबनेलवर. असं झालं तर घाबरू नका, कंट्रोल + झेड दाबा. एकामागून एक मुळात २० पावलं मागे जाता येतं. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये हा आकडा १५० पर्यंत वाढवता येतो.

थंबनेल वर-खाली ओढून स्लाईडचा क्रम बदलतो. दोन थंबनेलच्या मधल्या फटीत क्लिक केलं तर एक आडवी रेघ दिसते, आणि पुढची नवी किंवा पेस्ट केलेली स्लाईड बरोबर तिथे येते. कंट्रोल धरून क्लिक केल्यास सुट्या सुट्या स्लाईड निवडता येतात, शिफ्ट धरून सलग. कंट्रोल + डीने निवडलेल्या स्लाईडची जुळी प्रत तयार होते. ही पट्टीच दिसेनाशी झाली तर तिची सीमारेषा चुकून डावीकडे ओढली गेली असणार. डाव्या कडेला ‘थंबनेल्स’ असं उभं लिहिलेलं दिसेल, त्यावर क्लिक करा.

मधल्या भागात माऊसचं चाक जपून फिरवा. स्लाईड पूर्ण मापात दिसत असेल तर चाकाने पान खाली सरकत नाही, थेट पुढची स्लाईड येते, आणि बघणाऱ्याला वाटतं आपलं काम नाहीसं झालं. कंट्रोल धरून चाक फिरवलं तर झूम बदलतं. झूमचा घोळ झाला की स्टेटस बारच्या उजव्या टोकाला, टक्क्यांच्या शेजारी जे छोटं चौकोनी बटण आहे ते दाबा, स्लाईड पुन्हा खिडकीत नेमकी बसते.

स्टेटस बारवर उजवीकडेच चार चित्रं असतात: नॉर्मल, स्लाईड सॉर्टर, रीडिंग व्ह्यू आणि स्लाईड शो. काम नॉर्मलमध्ये करायचं. सॉर्टरमध्ये सगळ्या स्लाईड एकत्र मांडलेल्या दिसतात, क्रम ठरवायला तो उत्तम. शेजारचं ‘नोट्स’ बटण खालची नोट्सची जागा उघडतं आणि मिटवतं. बोलताना आठवायचे मुद्दे, आकडे तिथे लिहायचे. ते प्रेक्षकांना दिसत नाहीत.

## रिबन

‘होम’, ‘इन्सर्ट’, ‘डिझाईन’, ‘ट्रान्झिशन्स’, ‘ॲनिमेशन्स’, ‘स्लाईड शो’, ‘रिव्ह्यू’, ‘व्ह्यू’ हे नेहमीचे टॅब. पहिले काही आठवडे काम ‘होम’ आणि ‘इन्सर्ट’ या दोघांवर भागतं. प्रत्येक टॅबमध्ये बटणं उभ्या रेघांनी गटांत वाटलेली असतात, आणि काही गटांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक तिरका बाण असतो. तो दाबला की त्या विषयाची सविस्तर खिडकी उघडते. परिच्छेदांमधलं अंतर पॉइंटमध्ये मोजून द्यायचं असेल तर ‘पॅराग्राफ’ गटाचा तो बाण.

काही टॅब कायम नसतात. चित्र निवडलं की उजव्या टोकाला ‘पिक्चर फॉरमॅट’ उगवतो, आकृती निवडली की ‘शेप फॉरमॅट’, तक्ता निवडला की त्याचे दोन टॅब. बाजूला क्लिक केलं की ते गायब. ‘चित्र कापायचं बटण काल होतं, आज नाही’ ही तक्रार यातूनच येते. ‘क्रॉप’ हवं तर आधी चित्रावर क्लिक हवंच.

रिबनच नाहीशी झाली, फक्त टॅबची नावं उरली, असंही होतं. टॅबच्या नावावर चुकून दोनदा क्लिक केल्याने ती मिटते. पुन्हा दोनदा क्लिक करा किंवा कंट्रोल + एफ१ दाबा. आणि एखाद्या पुस्तकातल्या किंवा व्हिडिओतल्या चित्रात दिसणारं बटण तुमच्याकडे नसेल तर आधी खिडकी पूर्ण पडदाभर मोठी करून पाहा. जागा कमी पडली की पॉवरपॉइंट अख्खा गट एका बटणात कोंबतं. एवढं करूनही नाहीच सापडलं, तर ऑल्ट + क्यू दाबून शोधपट्टीत बटणाचं नाव टाइप करा. ते बटण तिथूनच चालवता येतं.

## प्लेसहोल्डर

कोऱ्या स्लाईडवर ‘क्लिक टू ॲड टायटल’ असं लिहिलेल्या चौकटी म्हणजे प्लेसहोल्डर. दिसायला त्या ‘इन्सर्ट’मधून टाकलेल्या टेक्स्ट बॉक्ससारख्याच, पण कामात मोठा फरक. प्लेसहोल्डरची जागा, फॉन्ट, आकार हे सगळं स्लाईडच्या लेआऊटशी, म्हणजे चौकटींच्या ठरलेल्या मांडणीशी, बांधलेलं असतं. लेआऊट किंवा थीम (रंग आणि फॉन्टचा तयार संच) बदलली की त्यातला मजकूर नव्या मांडणीत जाऊन बसतो. टेक्स्ट बॉक्स आपल्या जागीच राहतो. शिवाय स्लाईडचा नुसता मजकूर यादीसारखा दाखवणाऱ्या ‘आऊटलाईन व्ह्यू’मध्ये फक्त प्लेसहोल्डरमधला मजकूर दिसतो.

म्हणून शीर्षक आणि मुख्य मजकूर प्लेसहोल्डरमध्येच लिहावा, आणि टेक्स्ट बॉक्स चित्राखालच्या ओळीसारख्या किरकोळ गोष्टींसाठी ठेवावा. बरेच जण चौकटी पुसून टाकतात आणि सगळं टेक्स्ट बॉक्समध्ये लिहितात. पंधराव्या स्लाईडपर्यंत कुठलं शीर्षक वर, कुठलं खाली, आणि फॉन्ट बदलायचा म्हटला तर पंधरा वेळा तेच काम. रिकामा राहिलेला प्लेसहोल्डर स्लाईड शोमध्ये दिसत नाही, त्यामुळे निव्वळ तेवढ्यासाठी तो पुसायची गरज नसते.

हे हातात बसायला चार स्लाईडचा सराव पुरे. विषय घेऊ ‘सायकलची देखभाल’.

१. पहिल्या स्लाईडवर शीर्षकाच्या चौकटीत क्लिक करून ‘सायकलची देखभाल’ लिहा. माऊसला हात न लावता कंट्रोल + एंटर दाबा. कर्सर उपशीर्षकात जातो. तिथे ‘घरच्या घरी करायची कामं’ असं लिहा आणि पुन्हा कंट्रोल + एंटर दाबा. चौकटी संपल्या, म्हणून आता नवी स्लाईड तयार होते.

२. दुसऱ्या स्लाईडला शीर्षक द्या: ‘दर आठवड्याला तपासा’. कंट्रोल + एंटर. ‘टायरमधली हवा’ लिहून एंटर. आता ओळीच्या सुरुवातीलाच टॅब दाबा. मुद्दा एक पायरी आत सरकतो आणि अक्षर २८ वरून २४ पॉइंटवर येतं. ‘टायरच्या बाजूला छापलेला दाब पाहा’ असं लिहा. एंटर, मग शिफ्ट + टॅबने पुन्हा बाहेर या आणि ‘ब्रेकचे रबर’, ‘साखळीचं तेल’ लिहा. ओळीच्या मध्ये टॅब दाबलं तर पायरी बदलत नाही, नुसती मोकळी जागा पडते. मुद्द्याची खूण न येता नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट + एंटर.

३. कंट्रोल + एमने तिसरी स्लाईड. ‘होम’मधल्या ‘लेआऊट’वर क्लिक करून ‘टू कंटेंट’ निवडा. डावीकडे दोन मुद्दे लिहा. उजव्या चौकटीच्या मध्यभागी छोटी चित्रं दिसतात: तक्ता, आलेख, चित्र, व्हिडिओ वगैरे. चित्राच्या खुणेवर क्लिक करून एखादा फोटो घ्या. अक्षर टाइप केलं की या खुणा लपतात, तेव्हा चौकट रिकामी असतानाच त्या वापरायच्या. काही आवृत्त्यांत फोटो येताच उजवीकडे ‘डिझायनर’ची खिडकी उघडून सजावट सुचवते. तूर्त फुलीवर क्लिक करून ती बंद करा.

४. चौथी स्लाईड पुन्हा ‘टायटल अँड कंटेंट’ लेआऊटची घ्या. या वेळी तक्त्याच्या खुणेवर क्लिक करा. खिडकी मुळात ५ स्तंभ आणि २ ओळी सुचवते. ३ आणि ४ लिहा. एका घरातून दुसऱ्या घरात टॅबने जायचं. शेवटच्या घरात टॅब दाबलं की खाली नवी ओळ तयार होते.

आता मुद्दाम बिघडवून पाहा. दुसऱ्या स्लाईडवर मुद्दे वाढवत पंधरा ओळी करा. अक्षरं हळूहळू लहान होत जातील, कारण मजकूर चौकटीत मावावा म्हणून पॉवरपॉइंट स्वतःच आकार कमी करतं. चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्याशी एक खूण उगवते. तिच्यावर क्लिक केल्यास आकार कमी करणं थांबवणं, मजकूर दोन स्लाईडमध्ये वाटणं, दोन स्तंभ करणं असे पर्याय मिळतात. बहुतेक वेळा दोन स्लाईडमध्ये वाटणं हाच बरा पर्याय. प्रत्येक स्लाईडवर अक्षराचा आकार थोडा थोडा वेगळा दिसणं हे या आपोआप लहान होण्याचं फळ असतं. १८ पॉइंटच्या खाली गेलेलं अक्षर मागच्या रांगेतल्याला वाचता येत नाही.

खेळून मांडणी विस्कटली तर ‘होम’मधलं ‘रीसेट’ दाबा. चौकटी लेआऊटमधल्या मूळ जागी, मूळ आकारात परततात आणि मजकूर तसाच राहतो. हे बटण फार कमी जण वापरतात, आणि अर्ध्या तासाचं काम वाचवणारं आहे.

## तुटक कड आणि सलग कड

प्लेसहोल्डरमध्ये क्लिक केलं की चौकटीची कड तुटक रेघांची होते. याचा अर्थ कर्सर आत आहे, तुम्ही मजकुरावर काम करत आहात. आता डिलीटने एक अक्षर जाईल. फॉन्टचा आकार बदललात तर सगळी चौकट बदलणार नाही, फार तर कर्सरखालचा शब्द बदलेल. आता एकदा एस्केप दाबा. कड सलग होते. या क्षणी पूर्ण चौकट निवडलेली आहे: आकार बदला, सगळ्या ओळी बदलतील, आणि डिलीट दाबा, सगळी चौकट जाईल. एफ२ दाबून पुन्हा आत जाता येतं.

सलग कड असताना ‘होम’मधल्या फॉन्टच्या आकाराच्या जागी कधी ‘२०+’ असं दिसतं. म्हणजे चौकटीत वेगवेगळ्या मापांची अक्षरं आहेत आणि सर्वांत लहान २० आहे. अशा वेळी यादीतून थेट ३२ निवडलंत तर सगळ्या पायऱ्या एकाच मापाच्या होतील. त्याऐवजी शेजारचं मोठा ‘ए’ असलेलं बटण दाबा, सगळी मापं एकेक पायरी वाढतात आणि त्यांच्यातला फरक टिकतो.

निवडलेल्या वस्तूभोवती आठ पांढरे ठिपके असतात. कोपऱ्याचा ठिपका ओढला तर चित्राची लांबी-रुंदी प्रमाणात बदलते. बाजूच्या मधल्या ठिपक्याने चित्र ताणलं किंवा चेपलं जातं, आणि माणसांचे चेहरे पसरट दिसायला लागतात. चौकोन, वर्तुळ अशा आकृत्यांना कोपऱ्यावरही प्रमाण राखायचं असेल तर शिफ्ट धरून ओढावं लागतं. वरचा गोल बाण वस्तू फिरवतो. काही आकृत्यांना पिवळा ठिपकाही असतो, त्याने बाणाचं टोक किंवा चौकोनाची गोलाई कमीजास्त होते. टेक्स्ट बॉक्स मोठा केल्याने अक्षर मोठं होत नाही, फक्त ओळींची रुंदी बदलते.

## वस्तू ओळीत लावणं

एखादी वस्तू ओढताना दुसरीच्या सरळ रेषेत आली की तुटक रेघा चमकतात. त्यांचा आधार घ्यावा, पण चार-पाच वस्तू असतील तर डोळ्यांवर भरवसा नको. शिफ्ट धरून सगळ्या निवडा, मग ‘होम’मध्ये ‘अरेंज’, त्यात ‘अलाईन’. ‘अलाईन टॉप’ने वरच्या कडा एका रेषेत येतात, ‘डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉंटली’ने मधली अंतरं सारखी होतात. याच यादीच्या तळाशी ‘अलाईन टू स्लाईड’ आणि ‘अलाईन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स’ असे दोन पर्याय आहेत. सगळ्या वस्तू अचानक स्लाईडच्या टोकाला जाऊन चिकटल्या तर पहिल्यावर टिक आहे असं समजा.

बाणांच्या कळांनी वस्तू थोडी थोडी सरकते. कंट्रोल धरून ओढली तर तिची प्रत निघते. जुळलेल्या वस्तू कंट्रोल + जीने एकत्र बांधाव्यात. एखादी वस्तू दुसरीखाली दडून क्लिकच होत नसेल तर ऑल्ट + एफ१० दाबा. उजवीकडे ‘सिलेक्शन पेन’ उघडतं, त्यात स्लाईडवरची प्रत्येक वस्तू नावानिशी असते. तिथून ती निवडा, किंवा डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून वरची वस्तू तात्पुरती लपवा.

प्रत्येक स्लाईडवर दिसायला हवं असं काही, जसं बोधचिन्ह, एकेका स्लाईडवर पेस्ट करू नका. ‘व्ह्यू’मधल्या ‘स्लाईड मास्टर’मध्ये जाऊन डावीकडच्या यादीतल्या सर्वांत वरच्या मोठ्या स्लाईडवर ते ठेवा. फॉन्ट आणि शीर्षकाचा रंगही तिथेच बदला. काम झाल्यावर ‘क्लोज मास्टर व्ह्यू’ दाबायला विसरू नका. ते विसरून पुढचा मजकूर मास्टरमध्येच टाइप केला जातो, आणि मग तो स्लाईडवर खोडता येत नाही म्हणून गोंधळ उडतो.

## देवनागरी मजकूर

कोऱ्या फाईलच्या मूळ थीममध्ये ओळींचं अंतर ०.९ असतं. रोमन अक्षरांना ते चालतं. मराठीत वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी किंवा रफार एकमेकांना भिडतात. ‘होम’च्या ‘पॅराग्राफ’ गटातल्या ओळींच्या अंतराच्या बटणातून ते १.० करा. मास्टरमध्ये एकदाच केलं तर उत्तमच.

टाइप करताना युनिकोड फॉन्टच वापरा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं मराठीच राहतात. विंडोजमध्ये ‘निर्मला यूआय’ असतोच. कृतीदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर रोमन अक्षरांचा काला होऊन बसतो. वेगळा युनिकोड फॉन्ट घेतला असेल तर ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’मध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल’वर टिक करा. मराठी शब्दांखाली लाल नागमोडी रेघा येत असतील तर मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’, ‘लँग्वेज’, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’मधून मराठी निवडा.

## ट्रान्झिशन आणि ॲनिमेशन

एका स्लाईडवरून दुसरीवर जातानाचा बदल म्हणजे ट्रान्झिशन, स्लाईडवरच्या एकेका वस्तूची हालचाल म्हणजे ॲनिमेशन. मुद्दे एकेक करून दाखवायला ‘अपिअर’ पुरेसं आहे. गिरक्या घेत येणारी शीर्षकं टाळलीत तर प्रेक्षक दुवा देतील. ‘ॲनिमेशन्स’ टॅब उघडा असतानाच वस्तूंच्या बाजूला १, २, ३ असे क्रमांक दिसतात. ते क्लिकचे क्रमांक असतात. ‘विथ प्रीव्हियस’ दिलेली वस्तू आधीच्याच क्लिकला येते.

## दाखवताना

एफ५ने पहिल्या स्लाईडपासून, शिफ्ट + एफ५ने चालू स्लाईडपासून. लॅपटॉपवर एफ५ दाबल्यावर भलतंच काही झालं तर सोबत एफएन कळ दाबा. चालू असताना ७ टाइप करून एंटर दाबलं की थेट सातवी स्लाईड. बीने पडदा काळा होतो आणि पुन्हा बीने परत येतो. प्रेक्षकांनी स्लाईड वाचत न बसता तुमच्याकडे लक्ष द्यावं असं वाटेल तेव्हा वापरा. कंट्रोल + एलने माऊसच्या बाणाचा लाल ठिपका होतो. एस्केपने बाहेर.

प्रोजेक्टर जोडल्यावर तुमच्या पडद्यावर नोट्स, घड्याळ आणि पुढची स्लाईड, तर प्रेक्षकांसमोर फक्त स्लाईड, अशी सोय आहे. तिला ‘प्रेझेंटर व्ह्यू’ म्हणतात. ती दिसत नसेल तर दोन गोष्टी तपासा. विंडोज + पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलंय का? ‘डुप्लिकेट’ असेल तर दोन्हीकडे एकच चित्र जातं. आणि ‘स्लाईड शो’ टॅबमध्ये ‘यूज प्रेझेंटर व्ह्यू’वर टिक आहे का? नोट्स चुकून प्रेक्षकांकडे गेल्या तर वरच्या ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मधून पडद्यांची अदलाबदल करा. प्रोजेक्टर नसताना सराव करायचा असेल तर ऑल्ट + एफ५.

फाईल दुसऱ्याला पाठवण्याआधी तिचं वजन बघा. मोबाईलचे फोटो जसेच्या तसे टाकले असतील तर ती फुगलेली असते. चित्र निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’, ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’, तिथे ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वरची टिक काढा आणि १५० पीपीआय (एका इंचातले चित्रबिंदू) निवडा. समोरच्याने फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ द्या. दोन क्लिकमध्ये थेट शो सुरू व्हायला हवा असेल तर एफ१२मधून पीपीएसएक्स प्रकारात सेव्ह करा.

## दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

लिबरऑफिस इम्प्रेस मोफत आहे. स्लाईडची पट्टी डावीकडेच, पण लेआऊट आणि वस्तूंचे गुणधर्म उजवीकडच्या साईडबारमध्ये असतात. त्याची स्वतःची फाईल ओडीपी प्रकारची. पीपीटीएक्स उघडते, तरी फॉन्ट आणि ॲनिमेशन तपासून घ्यावीत. गूगल स्लाईड्स ब्राउझरमध्ये चालतं आणि इंटरनेट असेल तर आपोआप सेव्ह होतं. तिथे नुसतं एफ५ दाबलं तर पान पुन्हा लोड होतं. शोसाठी कंट्रोल + एफ५. मॅकवरच्या कीनोटमध्ये रिबनच नाही. जी वस्तू निवडाल तिच्या खुब्या उजवीकडच्या ‘फॉरमॅट’ पट्टीत उघडतात, आणि हालचालींसाठी शेजारीच ‘ॲनिमेट’.